जुलैमध्ये बघायला जा: ठाण्यातल्या एका महापालिका हायस्कूलचा कला-क्रीडा विभाग

शाळेच्या पायऱ्या चढलं की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेचं कपाट दिसतं. त्यात ढाली, चषक, पिवळी पडलेली प्रमाणपत्रं आणि मधल्या फळीवर मुलांचे गट-फोटो आहेत. आठवीच्या प्रवेशाला आलेले बहुतेक पालक तिथे दोन मिनिटं थांबतात आणि खेळाचं-कलेचं मत तिथल्या तिथे बनवून टाकतात. कपाट जरूर बघा, पण ते वाचायचं कसं हे माहीत असू द्या. प्रत्येक प्रमाणपत्रावर पातळी लिहिलेली असते. ठाणे आणि नवी मुंबई या महापालिका क्षेत्रांतल्या शालेय स्पर्धा जिल्हास्तर म्हणूनच होतात. तिथला विजेता मुंबई विभागात, तिथून राज्यावर आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धेत जातो. ‘सहभाग’ आणि ‘प्राविण्य’ हे दोन शब्द वेगळे वाचा. वयोगट (14, 17 की 19 वर्षांखालील) आणि सालही बघा. पाच वर्षांपूर्वीचा चषक पाच वर्षांपूर्वीच्या शिक्षकाचा असू शकतो, आणि ते शिक्षक आता शाळेत आहेत का, हे विचारणं अजिबात वावगं नाही.

परीक्षण ठाण्यातल्या खाडीकडच्या वस्तीतल्या एका मराठी माध्यमाच्या पालिका माध्यमिक शाळेचं आहे. नाव मुद्दाम दिलेलं नाही. इथल्या उणिवा बहुतेक पालिका शाळांत सापडतात, त्यांचा शिक्का एकाच शाळेवर नको.

ही शाळा पाहायची तर जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाहावी. शाळा जूनच्या मध्याला उघडते. आंतरशालेय स्पर्धा पावसाळा सरण्याआधीच सुरू होतात आणि शासकीय रेखाकला परीक्षा सहसा सप्टेंबरच्या शेवटी येते. म्हणजे तयारीचे सगळे महत्त्वाचे आठवडे धो-धो पावसात जातात. ठाण्यात त्या काळात मातीचं मैदान म्हणजे चिखलाचं तळं. मैदान हिवाळ्यात कसं दिसतं याला स्पर्धेच्या दृष्टीने फार किंमत नाही. पाऊस पडत असताना मुलं कुठे असतात आणि काय करतात, त्यावर निकाल ठरतो.

खो-खोमध्ये या शाळेने त्याचं उत्तर शोधलंय, आणि ते फार चांगलं आहे. पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्याच्या फरशीवर ऑइल पेंटने खो-खोची मध्यपाटी आखलेली आहे. मोठ्या गटाचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. दोन खांबांमध्ये 24 मीटर, आणि खांबांच्या मागे दोन्हीकडे दीड-दीड मीटरचं मुक्त क्षेत्र. मध्ये 35 सेंटिमीटर रुंदीच्या आठ आडव्या पाट्या (त्या मध्यपाटीला जिथे छेदतात तिथे गडी बसतो), दोन पाट्यांत 2.30 मीटर मोकळं अंतर, खांबापासून पहिली पाटी 2.55 मीटरवर. या आकड्यांची बेरीज 24 येते का, हे मुलांना स्वतः करायला लावलं जातं आणि त्यांच्याकडूनच खुणा मोजून घेतल्या जातात. व्हरांडा अरुंद असल्यामुळे पळती तिथे होत नाही. पण बसणं, उठणं, खो देणं आणि घेणं खऱ्या अंतरावर होतं, आणि शालेय संघ नेमके तिथेच हरतात.

चुका ठरलेल्या असतात. बसलेला गडी ‘खो’ ऐकण्याआधीच ढुंगण उचलतो. खो देणारा आधी ओरडतो आणि मग हात लावतो. स्पर्श आणि शब्द एकत्र व्हायला हवेत, नाहीतर पंच शिट्टी मारतात. मग परत जाऊन खो द्यावा लागतो आणि तेवढ्यात पळणारा तीन पाट्या लांब. तिसरी चूक म्हणजे उठल्यावर पहिलं पाऊल उलट्या बाजूला पडणं. दिशा एकदा घेतली की खांबापर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे ते एक पाऊल फार महागात जातं. व्हरांड्यात आठ जण बसतात, नववा खो देत धावतो, आणि घड्याळ लावून नऊ मिनिटांचं पूर्ण आक्रमण चालतं. समोर पळणारा कुणी नसतो, तरी शेवटच्या दोन मिनिटांत मुलं दमतात आणि नेमक्या त्याच चुका वर येतात. त्या वहीत टिपल्या जातात. ती वही मागून बघा. कपाटापेक्षा ती जास्त सांगते.

खांबाचं काम मात्र जमिनीवरच करावं लागतं. जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंचीचा, वर गुळगुळीत केलेला लाकडी खांब थेट मातीत रोवला तर पावसाळ्यात हमखास हलतो. हलत्या खांबाला वळसा घालताना मूल मनातून बिचकतं आणि वेग तोडतं. इथे जमिनीत सिमेंटमध्ये लोखंडी नळी बसवलेली आहे, खांब त्यात उतरतो आणि बाजूने पाचर ठोकली की घट्ट होतो. सुट्टीत काढून आत ठेवता येतो, म्हणून कुजत नाही. अशा नळ्या कुठल्याही शाळेला परवडतील. सूर मारण्याचा सराव जुन्या गाद्यांवर होतो, तेही चांगलं.

उणीव मॅटची आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. ते सामने मॅटवर झाले. मातीत वाढलेल्या गड्याचा पाय मातीत थोडा घसरून थांबतो. मॅटवर तो जागच्या जागी चिकटतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. इथली मुलं वरच्या फेरीत मॅटवर उतरली की हुलकावणी देताना अडखळतात. स्पर्धेच्या आधी चार-पाच सत्रं तरी जवळच्या क्लबच्या मॅटवर मिळायला हवीत. सध्या ते एखाद्या पालकाच्या ओळखीवर अवलंबून आहे.

कबड्डीत उलटी गोष्ट आहे. इथे मॅट आहे, तळमजल्याच्या सभागृहात. एक मीटर बाय एक मीटरचे एकमेकांत अडकणारे तुकडे. मुलींच्या 12 बाय 8 मीटरच्या मैदानाला 96 तुकडे लागतात. त्यांत दोन्ही बाजूंचं एकेक मीटरचं राखीव क्षेत्र आलं. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाई करणाऱ्याने निदान ओलांडायलाच हवी ती) 3 मीटरवर आणि बोनस रेषा (जादा गुण देणारी) 4 मीटरवर. पुरुषांच्या 13 बाय 10 मीटरच्या मैदानात हीच अंतरं 3.75 आणि 4.75 मीटर होतात. टीव्हीवर सामने पाहून बोनसची झेप मोजणारी मुलं त्यामुळे शालेय मैदानावर चुकतात. ती सवय इथे टेप लावून मोडलेली दिसते.

मॅटची निगा हा कबड्डीतला दुर्लक्षित विषय. पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही आणि मॅट साबणासारखी होते. दर दहा मिनिटांनी सुक्या फडक्याने पुसावी लागते. फिनाईलने पुसली तर वर तवंग राहतो आणि घसरण वाढते. साधं पाणी आणि नंतर पंखा, एवढं पुरे. तुकड्यांचे सांधे सुटले की त्यात पायाचा अंगठा अडकतो, म्हणून कडेच्या तुकड्यांना टेप हवी. सांध्यांवरची टेप इथे दोन ठिकाणी उसवलेली दिसली. किरकोळ काम आहे, पण घोटा मुरगळला की मुलाचा हंगाम गेला. शिकवणी मात्र चांगली: कोपरारक्षकांच्या जोड्या ठरलेल्या आहेत, आणि घोटा पकड घेणाऱ्यामागे साखळी (हात धरून उभी असलेली जोडी) कधी धावायची हे सातवीतली मुलगीसुद्धा सांगते. चढाईत 30 सेकंद वापरायला शिकवणं कमी पडतं. बहुतेक चढाया घाईत परततात.

मैदानी स्पर्धांत शाळा कमकुवत आहे आणि त्याचं कारण जागा. 100 मीटरच्या धावण्याला सुरुवातीच्या रेषेमागे किमान 3 मीटर आणि शेवटच्या रेषेपुढे 17 मीटर, म्हणजे 120 मीटर सरळ पट्टा हवा. मैदानाची लांब बाजू त्याच्या आसपासही जात नाही. मुलं भिंत जवळ आली की आपोआप वेग कमी करतात, आणि स्पर्धेतही शेवटच्या वीस मीटरमध्ये तेच करतात. धावणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा तरी दादोजी कोंडदेव क्रीडांगणासारख्या पूर्ण लांबीच्या जागी न्यायला हवं, शाळेच्या मैदानात हे सुधारणार नाही. रिलेचं मात्र इथे करता येईल असं बरंच आहे. 4×100 मध्ये बॅटन देण्याचा पट्टा आता 30 मीटरचा आहे, तेवढी जागा मैदानात सहज निघते. जो घेणारा आहे त्याने कुठल्या खुणेवर देणारा आला की सुटायचं, ती खूण पावलं मोजून ठरवायची आणि रोज दहा वेळा करायची. बॅटन नजरेने शोधत मागे वळून बघणारी मुलं अजून दिसतात.

लांब उडीचा खड्डा बघून वाईट वाटलं. नदीची गोलसर दाण्याची वाळू आता मिळत नाही म्हणून त्यात दगडाची कच भरली आहे. कचीचे दाणे टोकदार असतात, पावसात दबून बसतात, आणि आठ दिवसांत खड्ड्याचा ओटा होतो. उडी मारणारं मूल टाचेवर आदळतं. नवी वाळू मिळेपर्यंत दोन गोष्टी ताबडतोब करता येतील: रोज सत्राआधी फावड्याने फूटभर खोल उलथणं, आणि रात्री ताडपत्री घालणं. आणखी एक, रेघा मारायला चुनकळीची फक्की वापरू नका. ओल्या अंगाला ती चटका देते आणि डोळ्यात गेली तर इजा करते. खडूची पूड किंवा पांढरी रांगोळी घ्या.

आता चित्रकला. ही शाळा कुठल्या एका गोष्टीसाठी निवडायची असेल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या या वर्गासाठी. शासकीय रेखाकला परीक्षा दोन: एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. मुलं सहसा आठवीत पहिली आणि नववीत दुसरी देतात. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. म्हणून शेवटच्या महिन्यात सगळीकडे झुंबड उडते. इथे वर्ग जूनपासून चालतो आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीची रचना) आणि भूमिती-अक्षरलेखन या चारही पेपरांना सारखा वेळ मिळतो. बहुतेक शाळा वस्तुचित्र आणि संकल्पचित्रात रमतात. भूमिती-अक्षरलेखनाकडे शेवटच्या आठवड्यात वळतात आणि तिथेच श्रेणी घालवतात.

वस्तुचित्रात नेहमी चुकतं ते भांड्याच्या तोंडाचं. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचं तोंड लंबवर्तुळ दिसतं, आणि बूड त्याहून अधिक गोलाईचं दिसतं. मुलं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेघेत. इथले शिक्षक काचेच्या ग्लासात निरनिराळ्या उंचीपर्यंत पाणी भरून तो टेबलावर ठेवतात आणि मुलांना खाली बसून, मग उभं राहून पाहायला लावतात. दोन तासांत डोळ्याला सवय होते. संकल्पचित्रात घोळ रंगाचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पोस्टर कलर वाळत नाही. पहिला थर ओला असताना शेजारचा रंग लागला की कडा फुटतात, आणि पाव इंपीरिअल कागद (साधारण 28 बाय 38 सेंटिमीटर) द्रोणासारखा वळतो. उपाय साधा आहे. रंग सायीइतका दाट ठेवायचा, कागद चारही कोपऱ्यांना क्लिप लावून बोर्डावर ताणायचा, आणि एकमेकांना न लागणारे आकार आधी रंगवून घ्यायचे. प्रत्येक बाकावर दोन पाण्याचे डबे आहेत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. डबा एकच असला की पिवळा रंग दुपारपर्यंत मातकट होतो.

भूमितीला 2 एच पेन्सिल आणि टोकदार कर्कटक. मऊ पेन्सिलीच्या जाड रेषेने दोन वर्तुळांचा स्पर्शबिंदू कधीच नेमका येत नाही. अक्षरलेखनात देवनागरीची शिरोरेषा आधी ओढून खाली अक्षरं टांगायची, आणि अक्षरांमधली जागा डोळ्याने सारखी करायची, पट्टीने नाही, कारण ‘र’ आणि ‘क्ष’ यांची रुंदी सारखी नसते. हे इथे फळ्यावर रोज दोन ओळी लिहून घोटून घेतात.

स्मरणचित्राचा तास तर मुद्दाम बघण्यासारखा. सगळीकडच्या मुलांच्या चित्रात दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, झोपडी आणि नदी येते. इथे आठवड्याचा गृहपाठ असतो: ठाणे स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग, तलावपाळीवरच्या होड्या, छत्र्यांसकट भाजीबाजार, ऐरोली पुलावरून दिसणारी खाडी आणि फ्लेमिंगो. (ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. मुलांच्या घरापासून ते इतकं जवळ आहे की त्यांनी ते काढायलाच हवं.) माणसं काढताना आधी काड्यांच्या आकृत्यांत हालचाल पकडायची, मग अंग भरायचं. पुढची माणसं मोठी, मागची लहान, आणि सगळ्यांची डोकी साधारण एकाच क्षितिजरेषेवर, हे एकदा उमगलं की गर्दी गर्दीसारखी दिसते.

संगीत मध्यम आहे. पेटी आणि तबला आहे, पण दोन्ही वाद्यांना पावसाळा सोसत नाही. तबल्याची पुडी (वरचं कातडं) दमट हवेत सैल पडते, सूर उतरतो, आणि मग हातोडीने ठोकून ठोकून गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) ताणला जातो. वाद्यांच्या कपाटात एक छोटा दिवा लावून ठेवला तर निम्मा त्रास वाचतो. इथे तो नव्हता. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा द्यायच्या असतील, तर शाळेच्या आठवड्याच्या एका तासावर भागणार नाही. बाहेर गुरू धरावा लागेल. नवी मुंबईतल्या मुलांना मंडळाचं वाशीचं केंद्र जवळ पडतं.

लेझीम पथक देखणं आहे. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला ते बाहेर पडतं. आठ आकड्यांचे हात ताशाच्या ठेक्यावर एकसाथ पडतात, आणि बैठ्या हातांतही ओळ मोडत नाही. नाटकाची बाजू लंगडी. राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक सभागृहात छान वाटतं, पण गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या रंगमंचावर मुलांचे आवाज तिसऱ्या रांगेपुढे पोहोचत नाहीत. सभागृहात माईकची सवय लावली गेली आहे. तालमी माईकशिवाय आणि शेवटच्या भिंतीपाशी एकाला उभं करून व्हाव्यात.

माणसांबद्दल. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळेला कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक मिळायला हवेत. अंशकालीन म्हणजे दिवसाचे काही तास, आणि नेमणूक नेहमीसाठी नाही. चित्रकलेचे शिक्षक इथे कायम आहेत म्हणून तो वर्ग वर्षानुवर्षं टिकून आहे. खेळाच्या बाबतीत तसं नाही. प्रवेश घेताना थेट विचारा: क्रीडाशिक्षक कायम आहेत की अंशकालीन, आणि शाळा सुटल्यावर सराव कोण घेतं?

मुलींसाठी अजून दोन प्रश्न. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, आणि संध्याकाळचा सराव किती वाजता सुटतो? नववीत मुली खेळ सोडतात त्यामागे अभ्यासाइतकाच हा सातनंतरचा रस्ता असतो. या शाळेने मुलींचा सराव सकाळच्या सत्राच्या आधी, साडेसहाला घेतला आहे, आणि पट टिकून राहिला आहे. कडी मात्र तुटलेली होती.

कागदांचं काम जूनमध्येच उरका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख एक असायला हवी. एका दिवसाचा फरक असला तरी वयोगटाच्या छाननीत मूल बाद होतं, आणि ते स्पर्धेच्या सकाळी कळतं. कबड्डीत वजनही होतं, म्हणून आदल्या आठवड्यात शाळेच्या काट्यावर नव्हे, दवाखान्याच्या काट्यावर करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स शाळेत द्या, मूळ प्रत घरी ठेवा. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो आणि मुदत चुकली की राज्यस्तराचं प्रमाणपत्रही भिंतीवरच राहतं. ते काम या शाळेत एका लिपिकबाईंकडे आहे. दुपारी दोन ते चार त्या खिडकीवर असतात.